गॅस नसलेल्या गाडीतली थंड हवा

कोणी भुताखेतांचं सांगू लागलं, की "पुरावा दाखव" असं तोंडावर म्हणणारा मी माणूस. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी... बी. ई. मेकॅनिकल! ते मी अजूनही छाती काढून सांगतो. म्हणूनच हा प्रकार आजवर लिहिला नाही. लोक हसतील याची भीती नव्हती, स्वतःलाच काय उत्तर द्यायचं हे कळत नव्हतं.

साल १९९९, मे महिना. नाशिकला मुंबई नाक्याजवळ माझं गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं छोटं वर्कशॉप होतं. वडील, म्हणजे आमचे आबा, दिंडोरीजवळ गावी द्राक्षबाग सांभाळायचे. माझा धंदा त्यांना पटला नव्हता. "येवढं शिकून वारा इकतो!" असं पाहुण्यांदेखत म्हणायचे.

त्या आठवड्यात पिंपळगावच्या एका व्यापाऱ्याची गाडी आली होती. एसी दहा मिनिटं झकास चालायचा, मग गरम हवा, थोड्या वेळानं पुन्हा थंड. वायरिंग तपासलं, एसी चालू-बंद करणारा रिले बदलला... तेच. शेवटी लक्षात आलं की आत ओलावा शिरलाय. त्याचा बर्फ होऊन गॅसची वाट अडते, बर्फ वितळला की पुन्हा सुरू. उपाय एकच — सगळा गॅस काढून ओलावा शोषणारी बाटली, म्हणजे ड्रायर, नवा बसवायचा. सकाळी मी गॅस काढला, जुना ड्रायर खोलून टेबलावर ठेवला, पाइपांच्या उघड्या तोंडांत फडकी कोंबली. सगळं माझ्या हातानं केलं, म्हणून एवढं बारीक सांगतोय.

साडेबाराला शेजारच्या एसटीडी बूथवर धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, आबा बागेत पडले! अंग तव्यावानी तापलंय, बोलंना!"

माझ्याकडे फक्त स्कूटर. गिऱ्हाइकाची गाडी स्वतःसाठी वापरायची नाही हा माझा नियम. त्या दिवशी मोडला, तीच गाडी घेऊन गाव गाठलं.

गावातले डॉक्टर म्हणाले, "ऊन लागलंय. ताप एकशे सहा. आत्ताच्या आत्ता नाशिकला न्या, आणि रस्त्यात अंग गार ठेवा... नाहीतर काही खरं नाही."

आबांना मागच्या सीटवर निजवलं. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन आई ओलं फडकं फिरवत होती. उघड्या काचेतून भट्टीसारखी झळ येत होती, फडकं बघता बघता वाळत होतं.

"काचा लाव, अन् ते गार वारं सुरू कर," आई म्हणाली.

"नाही चालणार गं. गॅस काढलाय. पाइप उघडे आहेत."

"तुझंच काम ना ते? मग कर की!"

"अगं, त्याचा एक भाग तिकडं टेबलावर पडलाय—"

"संज्या, बटन दाब म्हणते ना!"

वाद घालायला वेळ नव्हता. तिच्या समाधानासाठी काचा लावल्या, बटण दाबलं. आधी पंख्याची गरम हवा आली... आणि मग थंड. साधी थंड नाही, बोटं आखडतील इतकी. मी जाळीपुढे हात धरला, आणि पटकन काढून घेतला. देवघरातल्या मूर्तीला उष्ट्या हातानं शिवावं तसं वाटलं. पुढे हॉस्पिटल येईपर्यंत मी त्या बटणाला हात लावला नाही.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. नाशिकच्या वेशीवरचं म्हसरूळ जवळ आलं तेव्हा मागून बारीक आवाज आला, "थंडी वाजतीय..." आबा बोलले होते! आई हमसून रडायला लागली.

हॉस्पिटलमध्ये ताप मोजला तर एकशे एक. तिथल्या डॉक्टरांनी गावच्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी पुन्हा वाचली. "काय, बर्फात घालून आणलं की काय?"

"पोराचा एसी हाय," आई म्हणाली.

मी बाहेर आलो तर वॉचमन ओरडला, "ओ साहेब, गाडी पुढं घ्या, पाणी गळतंय!" गाडीखाली छोटं डबकं साचलं होतं. बोट बुडवलं — गारठलेलं पाणी. एसीच्या थंड कॉइलवर हवेतली वाफ जमून ठिबकतं ते. आत खरोखर गारवा धरल्याशिवाय ते पडत नाही. बॉनेट उघडलं. दोन्ही पाइप तसेच उघडे, माझीच फडकी कोंबलेली. गाडी चालू करून बटण दाबलं... नुसती गरम हवा.

पुढे कॉलेजच्या सरांना विचारलं. त्यांनी कागदावर आकृती काढून सांगितलं, "ओल्या फडक्याचा गारवा असेल."

"मग ते पाणी, सर?"

त्यांनी पेन खिशाला लावलं.

आबा आठवड्यात घरी आले. मग एका दुपारी गावी आई संध्याकाळची भाजी निवडत बसली असताना मी तिला सांगून टाकलं, "तो गारवा माझ्या एसीचा नव्हता."

"मग कोणाचा?"

"माहीत नाही."

"तुला नाय म्हाईत, तर आमाला कुठनं असणार? जा, आबांना हाक मार. जेवण तयार हाय."

मी ओट्यावर जाऊन बागेच्या दिशेनं हाक मारली.

"आलो रे, आलो!" आबा म्हणाले.