पत्ता कापला तर सही नाही!

आमच्या काचीगुड्याच्या ऑफिसात किस्से असेच साचतात, कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या कंपायलरच्या वॉर्निंगसारखे. सगळे नुसते खाली स्क्रोल करतात. मी मेली वाचत बसते, म्हणून माझं सगळ्यांशी वाजतं! आम्ही लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर लिहितो, सी भाषेत.

*

लिफ्टसाठी नवं सर्किट बोर्ड आलं. जुन्या कोडमध्ये मेमरीचे पत्ते साध्या इंटमध्ये, म्हणजे आकड्यांच्या छोट्या खणात ठेवलेले. नव्या बोर्डावर पत्ता दुप्पट लांब, इंट तेवढाच. म्हणजे अर्धा पत्ता कापला जाणार! शेजारचा सुनील म्हणाला, "एक कास्ट ठोक ना, जबरदस्तीने इंटमध्ये कोंब, वॉर्निंग गप्प!"

"वॉर्निंग गप्प बसेल रे, लिफ्ट बसणार नाही!"

*

आई म्हणाली, "एवढी कशाला भांडतेस गं?" आमचं घर चिक्कडपल्लीत, नंबरात दोन डॅश आणि शेवटी बाय सहा. म्हटलं, "कुरिअरवाल्याने 'बाय सहा' गाळलं तर?"

आई उसळलीच. "मेल्याने परवाच माझा चष्मा बाय एकवाल्यांकडे टाकला! त्यांनी घालूनसुद्धा पाहिला!" तेव्हापासून आई माझ्या पार्टीत.

*

सुनीलने कंपायलरचं वॉर्निंग दाखवणंच बंद केलं आणि मेल टाकला, "झीरो वॉर्निंग्ज!" मी रिप्लाय-ऑल केला, "थर्मामीटर फेकला म्हणजे ताप उतरला का?" तिघांनी गुपचूप अंगठा पाठवला.

*

रिलीजच्या कागदावर कोड तपासणाऱ्याची सही लागते. मालक राव सरांना म्हटलं, "पूर्ण पत्ता मावेल असा प्रकार सीमध्ये आहे. सगळीकडे तो घालते, चार दिवस द्या."

"चार दिन? परसों उद्घाटन है! सही करो मॅडम."

"नाही करत!"

"सही नै तो नौकरी नै!"

"मग नोकरी नक्को!" म्हटलं खरं, पण घरी जाताना हप्त्यांचा हिशेब करत गेले. फ्लॅटचे हप्ते माझ्याच पगारातून जातात.

*

नव्या लिफ्टचं उद्घाटन आमच्याच बिल्डिंगमध्ये. हार, नारळ, सगळं. मी राजीनामा देऊन, पर्स खांद्याला लावून निघाले होते. पहिली फेरी सरांच्या अम्मांची. गुडघ्यांमुळे बिचाऱ्या लेकाचं तिसऱ्या मजल्यावरचं ऑफिस कधी बघूच शकल्या नव्हत्या. माझ्याऐवजी सुनीलने सही केलेला कागद सरांच्या हातात होता. अम्मांनी लिफ्टला नमस्कार केला आणि एक पाय आत टाकला.

"आगम्मा!" थांब म्हणून सर ओरडले आणि अम्मांचा दंडच धरला.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, चार दिन बोले थे ना?"

"हौ," म्हटलं, आणि पर्स खाली ठेवली.