पुलाखाली अडकलेले गणपती

आईचा हात थरथरायला लागला तेव्हा तिने कारखान्यात जाणं बंद केलं. पेणमध्ये कारखाना म्हणजे गणपतीचाच, हे वेगळं सांगावं लागत नाही. तिचं काम डोळ्यांच्या आखणीचं. माझ्या जन्माआधीपासून ती ते करत होती आणि आमच्या घरातली लग्नं, परीक्षा, पाहुणे, सगळं त्या कामाच्या सोयीने ठरायचं. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. गोळ्यांनी आटोक्यात राहील, सावकाश वाढेल, लगेच घाबरायचं कारण नाही. आई घाबरली नाही, गप्प झाली. मला त्याचीच जास्त भीती वाटली, कारण आमची आई गप्प बसणाऱ्यांतली नाही.

मी लग्न होऊन रोह्याजवळ वरसेला आले. काम घरूनच करते. एका कंपनीच्या गेमचे सर्व्हर सांभाळते. पुष्कळ जण मिळून एकच गेम खेळतात, तेव्हा ज्या मशीनवर ते एकत्र येतात तो सर्व्हर. तो अडखळला की कुठकुठली पोरं शिव्या घालतात, आणि त्या शिव्या वाचायचा मला पगार मिळतो.

आईसाठी मी असाच एक छोटा सर्व्हर उभा केला. ठोकळ्यांचं जग: एक देऊळ, बरंच लांब एक नदी, तिच्यावर पूल, काठाला एक मोकळी शेड. माऊस धरलेला हात थोडा हलला तरी ठोकळा आपल्या चौकोनातच बसतो, हे मी तिला दाखवलं. तिने नाक मुरडलं आणि चार दिवसांत शेडचा कारखाना केला. मग आईच्या शेजारची काकू आली, कारखान्यातल्या आणखी दोघी आल्या. दुपारची भांडी आवरली की चौघी आपापल्या घरून गेममध्ये शिरायच्या. गेममधल्या साध्या पुतळ्याला सोंड जोडायची, मुकुट चढवायचा आणि शेवटी आईने डोळे बसवायचे. आई पुन्हा बोलायला लागली, म्हणजे आम्ही पुन्हा बोलणी खायला लागलो. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू.

काही महिन्यांनी ती यायची थांबली. फोन केला तर म्हणे, “नाय गो, कंटाळा आला.” आईला आणि कंटाळा! मी भांडून भांडून खरं कारण काढून घेतलं.

“बोट दाबते मी, पन उमटतंय कधी? किती वेळानं. डोक्याचा निरोप हाताला पोचतच नाय लवकर. डॉक्टर बोलला व्हता ना वाढंल म्हनून. वाढलंय.”

“अगं, सर्व्हर हळू झाला असेल.”

“समजूत नको घालू. माझा हात मला कळतो.”

फोन ठेवला आणि लगेच लॅपटॉप उघडला. सर्व्हर हळू असला तर आईचा आजार होता तिथेच आहे, आणि सर्व्हर ठीक असला तर आई म्हणते ते खरं. सर्व्हर असा रखडला की आम्ही त्याला लॅग म्हणतो. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे लॅग मागितला.

देवाने काही दिला नाही. मी देवळापाशी उभी राहून इकडे तिकडे धावले, ठोकळे फोडले, बसवले. सगळं लोण्यासारखं. मशीनची मेमरी मोकळी, नेट व्यवस्थित, प्रोसेसर निवांत. पेणच्या घरचं कनेक्शन तपासलं, तेही ठणठणीत. कामावर असा अहवाल आला असता तर मी खुशीत चहा टाकला असता. त्या दिवशी चहा टाकला आणि तो उतू गेला तरी ओट्यापाशी नुसती उभी राहिले. यांनी येऊन गॅस बंद केला.

रात्रभर डोक्यात तेच. सकाळी काकूला फोन लावला, खरं तर आईवर लक्ष ठेव म्हणून सांगायला. बोलता बोलता ती म्हणाली, “आमचंबी हळूच चालतंय गो. एक ठोकळा बसवायचा तर दोन शेंगा सोलून व्हतात.”

“तुमचंही? मग मला का नाही सांगितलं?”

“त्यात काय सांगायचं? म्हटलं नेट आसंल.”

मला तिचा रागही आला आणि फोनमधून तिची पापी घ्यावीशीही वाटली. म्हटलं, काकू, सगळं टाका आणि आत्ताच्या आत्ता गेममध्ये या. ती आली आणि माझ्या डोळ्यांसमोर आकडा कोसळला. हा सर्व्हर सेकंदाला वीस वेळा सगळ्या जगाचा हिशेब करतो; तो चारपाच वेळांवर आला. काकूला बाहेर जायला सांगितलं, पुन्हा वीस. आत, पुन्हा चार.

मग माझी ट्यूब पेटली. गेममध्ये जिथे माणूस उभा असतो तेवढाच भाग जागा असतो, बाकीचं जग झोपलेलं. मी आपली देवळापाशी उभी राहून तपासत होते आणि दुखणं होतं नदीकाठी, कारखान्याजवळ. या चौघी तिथे गेल्या की ते जागं व्हायचं. कशावर वेळ जातोय हे मोजणारं एक हत्यार असतं, ते चालवलं. उत्तर आलं: नावा.

कसल्या नावा? मी नदीच्या काठाने निघाले. पुलाखाली पोचले आणि तिथेच थांबले. पूल ते वळण, पाणी दिसत नव्हतं. नावेला नाव लागलेली आणि प्रत्येक नावेत एक गणपती, डोळे आखलेला, माझ्याकडे बघणारा. प्रवाह त्यांना पुढे ढकलत होता, पुलाचे खांब अडवत होते आणि सगळ्या नावा एकमेकींना धक्के देत होत्या. त्यातला प्रत्येक धक्का सर्व्हर बिचारा सेकंदाला वीसदा मोजायला बघत होता.

“काकू, हे काय आहे?”

“विसर्जन,” काकू म्हणाली. “मूर्ती झाली, डोळे आखले, ठेवायला जागा नाय. मग हातोडा मारून फोडायची व्हय? तुझी आईच बोलली, नावंत बसवा आन् सोडा नदीला.”

खरंच, त्या गेममध्ये वस्तू नाहीशी करायची तर फोडावीच लागते. गेम बनवणाऱ्याला पेण कुठून माहीत असणार. कच्ची मूर्ती बिघडली तर तिची माती पुन्हा भिजत टाकतात, त्याचं काही नाही. पण डोळे आखले की तो देव.

एक ओळ लिहिली असती तर सगळ्या नावा मूर्तींसकट पुसल्या गेल्या असत्या. कामावर अशा ओळी मी जांभई देत लिहिते. इथे बोट काही पुढे जाईना. शेवटी दुपारभर बसून छोटासा प्रोग्रॅम लिहिला: मूर्ती खोल पाण्यात गेली की हळूहळू रंग सोडते, खाली जाते, विरते, आणि नाव रिकामी होऊन काठाला येते. काकूला दाखवला.

“आन् वाळू?” ती म्हणाली. विसर्जनाहून येताना नदीतली मूठभर वाळू घरी आणायची असते, ती कुठाय? मग तीही घातली. विसर्जन करणाऱ्याच्या पिशवीत वाळूचा एक ठोकळा येतो.

संध्याकाळी काकूने फोनवर आरती म्हटली, मी इकडे टाळ्या वाजवल्या आणि पुलाखालचे गणपती एकेक करून गेले. आकडा चढत चढत वीसवर आला आणि तिथेच राहिला. मी ढसाढसा रडले. आईचा हात होता तसाच होता, मशीनच अडकलं होतं.

पण हे आईला पटायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. वडखळला नेहमीप्रमाणे गाडी खोळंबली आणि मी ड्रायव्हरवर उगाच चिडले. घरी पोचल्या पोचल्या लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला.

“नको गो,” ती म्हणाली. “काकूनं सांगितलं सगळं. तुम्ही दोघी माझं मन राखताय.”

“राखतेय तर राखतेय. एक डोळा बसव आणि मग मला घराबाहेर काढ.”

ती बसली. हात थरथरतच होता, नेहमीइतकाच. तिने माऊसवर बोट दाबलं आणि ठोकळा टचकन बसला. ती माझ्याकडे बघेना. पुन्हा दाबलं. हा बसला एक घर बाजूला. गणपती चकणा दिसायला लागला. आई पुढे वाकून त्याच्याकडे बघायला लागली.

“चुकला,” ती म्हणाली.

“अगं, असू दे...”

“नाय नाय, बघ तरी. मी जिथं दाबला तिथंच बसला. हा मीच चुकवला!” आणि कितीतरी महिन्यांनी मी तिला पोट धरून हसताना पाहिलं. मग डोळे पुसत तिने मला कोपराने ढकललं. “सरक तिकडं. नीट करू दे मला.”