रुखवतातला राघू

आमच्या सोनाळ्यात मण्यांच्या पर्स करणं हे काम आहे, असं कुणाला पटायचं नाही. वावरात निंदायला जाणारी बाई कामावर जाते. दारात बसून तंगुसाच्या दोऱ्यात मणी ओवणारी बाई रिकामी बसते. मी नांदायला गेले ती वर्षभरातच भावाच्या दारात परत आले, तेव्हापासून माझ्या रिकामं बसण्यावर तर साऱ्या गावाचं लक्ष होतं. दवाखान्यात एक नर्सबाई होत्या. त्यांची फाटलेली पर्स मी मागून घेतली, कोपऱ्यातून उसवत उसवत ती कशी विणली ते पाहिलं, आणि पुन्हा जशीच्या तशी ओवून दिली. पुढे शेगावला मंदिराच्या गल्लीतला एक दुकानदार माझ्या पर्स ठेवायला लागला. मग मी वावरात जाणं सोडलं ते सोडलंच. वहिनी म्हणायची, "बाईचं काम म्हंजे लेकराईचा भातुकलीचा खेळ." त्या खेळातूनच घरात तेलमीठ यायचं, पण ते म्हणायची सोय नव्हती.

भावाची मुलगी मात्र माझी होती. पाळण्यात होती तेव्हापासून माझ्याजवळच झोपायची. माझ्याशेजारी बसून ताटलीत रंगारंगाचे मणी वेगळे करून द्यायची. सुई हातात दिली की मात्र लगेच तिला तहान लागायची, मग भूक, मग झोप. मी म्हणायचे, "पोरी, तुले हे जमाचं नाई." ती हसून म्हणायची, "मले काऊन जमाले पाह्यजे? तू हायेस ना."

तिचं लग्न संग्रामपूरला ठरलं. रुखवतासाठी मी पांढऱ्या मण्यांची पर्स करायला घेतली आणि तिच्यावर दोन हिरवे राघू बसवले. एक समोर पाहणारा, एक मान वळवून मागे पाहणारा. ती वळलेली मान कुठल्या नमुन्यात नव्हती, माझ्या डोक्यातली होती. कितीदा ओवली, कितीदा उसवली. शेवटी राघू खरंच कुणाची तरी वाट पाहतो आहे असा दिसायला लागला, तेव्हा पोरगी माझ्या गळ्यात पडली. "आत्या, मांडवात सगळ्याईले सांगीन मी, हे माह्या आत्यानं केलं म्हणून."

खरं सांगते, मला त्याची हाव सुटली. गावच्या साऱ्या बाया मांडवात असणार. त्यांच्यासमोर एकदा, फक्त एकदा, कुणीतरी मोठ्यानं म्हणावं की ही कारागिरी हिची आहे. नवऱ्यानं टाकलेली म्हणून नाही, या हातांसाठी माझ्याकडे पाहावं. लग्नाच्या दिवशी मी ठेवणीतलं लुगडं नेसले ते त्याच आशेनं.

रुखवत पाहायला वरपक्षाच्या बाया आल्या. विहीणबाईंनी बाकीचं सोडून नेमकी पर्स उचलली. "अवं माय! कोणाच्या हातची हे?"

वहिनी पुढे झाली. "पोरीच्याच की. दुसऱ्या कोणाच्या असन?"

वहिनीचं मला काही वाटलं नाही. रुखवतातलं सगळं नवरीच्याच हातचं सांगायची रीत आहे. त्यातले चिरोटे शेजारणीचे आणि रांगोळी मावशीची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी पोरीकडे पाहत होते. विहीणबाईंनी तिची हनुवटी वर उचलली. "खरंच तू केली?"

पोरगी म्हणाली, "हाव, म्याच केली."

बाया वा वा करायला लागल्या. मी पाण्याचे पेले घेऊन उभी होते, ते वाटत पुढे गेले. निघताना ती माझ्या कानाशी लागून रडली. "रागावू नको आत्या, सासर हाय ते." मीही रडले आणि त्याच रडण्यात तिला माफ करून टाकलं.

पण ते तिथं थांबलं नाही. सासरी तिच्या हाताचा गवगवा झाला. नणंदेला पर्स पाहिजे, मामेसासूला पाहिजे. भावाबरोबर निरोप यायचा आणि मी पर्स करून कुरडयांच्या डब्यात तळाशी दडवून पाठवायचे. माझंच काम मी चोरीच्या मालासारखं एसटीनं पाठवत होते. तरी वाटायचं, पोरगी सुखात आहे ना, मग असू दे.

एकदा शेगावला दुकानात माल द्यायला गेले होते. दर्शन करून विहीणबाई आणि पोरगी त्याच गल्लीतून आल्या. दारावर माझी पर्स लटकत होती. विहीणबाई थबकल्या. "अवं, हा त आपल्या घरचा राघू! इथं कसा?"

दुकानदारानं माझ्याकडे बोट दाखवलं. "या बाई करतात जी."

विहीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ईनबाई, नक्कल कराची त कराची, पण पोरीले इचारून त कराची. तिची कारागिरी बाजारात आणून लटकवली!"

मी पोरीकडे पाहिलं. आता तरी, असं मनात म्हटलं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"जाऊ द्या ना, आई. तिचं पोट चालते त्याच्यावर. म्याच दाखवलं होतं तिले."

"मंग काई नाई," विहीणबाई लगेच मऊ झाल्या. "करा माय, पोटासाठी करा."

तोंड उघडलं असतं तर पोरीचा संसार तिथंच, त्या गल्लीत, उघडा पडला असता. नवऱ्यानं घराबाहेर काढलं तेव्हाही मला एवढं उघडं वाटलं नव्हतं. तो परका होता. हिला मी वाढवली होती.

त्यानंतर मी डबे पाठवणं बंद केलं. दिवाळीला पोरगी माहेरी आली आणि माझ्यासमोर सुई घेऊन बसली. नणंदेचं लग्न ठरलं होतं, आणि सुनेनं डोळ्यांसमोर बसून पर्स करावी असं सासूच्या मनात होतं.

"आत्या, शिकव मले."

"शिकवतो. फक्त सासूले जाऊन सांग, आत्याजवळ शिकून राह्यली म्हणून."

तिचा चेहरा उतरला. "असं सांगतलं त माही काय किंमत राहीन तिथं?"

"अन् माही?"

ती उठली. दुपारच्या गाडीनं गेली. वहिनीनं कितीतरी दिवस माझ्याशी अबोला धरला. पुढे कळलं, मण्यांनी डोळे दुखतात, म्हणून आता काम बंद केलं, असं पोरीनं सासरी सांगितलं. सगळ्यांनी ते मानलं आणि हळहळले.

मी राघू करतच राहिले. तो माझा होता, का सोडू? एक दिवस संग्रामपूरची एक बाई लेकीच्या रुखवतासाठी पर्स घ्यायला माझ्या दारात आली. तिनं पर्स उलटसुलट करून पाहिली, राघूच्या वळलेल्या मानेवर बोट फिरवलं.

"चांगली हाये जी. पण आमच्या गावात एक सून हाये, तिच्या हातची सर नाई याले. बिचारीचे डोळे गेले, नाईतं तिच्याचकडून घेतली असती."

मी तिच्या हातातून पर्स काढून घेतली.

"मंग तिच्याचकडे जा," मी म्हटलं, आणि पुन्हा ओवायला बसले.