शंकरप्पाचे वायपर

आमच्या मुरूम गावात बाळंतिणीला दवाखान्यातून घरी आणायचं म्हणजे शंकरप्पाची ओम्नी, हे ठरलेलं होतं. माझी दोन्ही मुलं त्याच गाडीतून घरी आली. उमरग्याच्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा त्याला पाठ होता, आणि मागं तान्हं बाळ असलं की तो गाडी इतकी हळू हाकायचा की सायकलवालेसुद्धा पुढं निघून जायचे. मी वैतागायचो. तो म्हणायचा, "तात्या, घाई आसंल तर उतर आन् चालत ये." मी किराणा दुकानदार, त्याच्या भिंतीला भिंत लागून माझं घर. तेव्हा माझा असा उद्धार करायचा हक्क त्याला होता, आणि तो हक्क त्यानं कधी वाया घालवला नाही.

गाडीवर त्याचा जीव. त्यातही काचेवर जास्त. वायपरचं ब्लेड घ्यायचं तर हा माणूस जुनं ब्लेड पिशवीत घालून उमरग्याला जाणार, दुकानदाराकडून सगळा माल बाहेर काढायला लावणार, जुन्याशी लांबी जुळवणार, रबर अंगठ्यानं दाबून बघणार, वाकवून बघणार, कडेवरून नख फिरवणार. रबर कडक असलं तर करकरतं आणि काचेवर रेघा ठेवतं, फारच मऊ असलं तर एका पावसाळ्यात चिंध्या होतात, हे मला त्याच्यामुळंच कळलं. बसवतानाही काचेवर आधी टॉवेलची घडी ठेवायची. वायपरचा दांडा हातातून निसटून आपटला तर काच तडकते म्हणून. त्याची बायको धुरपदाबाई म्हणायची, "पोरीसाठी स्थळ बघताना बी एवढं पारखलं न्हवतं यांनी." पोरगी म्हणजे निकिता, एकुलती एक. सरहद्दीपलीकडं, कर्नाटकात आळंदला दिलेली.

गेल्या वर्षी आषाढात शंकरप्पानं नवी ब्लेडं बसवली. श्रावणात परत बसवली. मी विचारलं तर म्हणाला, "माल खराब यायलाय आता. पाणी सारतंय, पर रेघा सोडतंय." गणपतीत त्यानं ती सपाट, नव्या तऱ्हेची ब्लेडं आणली. दोन दिवस खूश होता, तिसऱ्या दिवशी पुन्हा काचेपाशी उभा. मग शाम्पूनं काच धुतली. मग ओल्या फडक्यात तंबाखू बांधून घासली, जुने ड्रायव्हर पावसात घासायचे तशी. त्याच्या हाताला तंबाखूचा वास आणि काच आरशासारखी लखलखीत, तरी याचं आपलं एकच, "कायतरी चिकटून बसलंय, तात्या. जाळं धरल्यागत. जात न्हाय."

रात्रीचं भाडं घेणं त्यानं तेव्हाच बंद केलं. समोरच्या गाड्यांचे दिवे आता लई मारतेत, म्हणायचा. ते खरंच मारतात, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. दिवाळीत, ढगाचा एक तुकडासुद्धा आभाळात नसताना, त्यानं आणखी एक जोडी आणली. स्टँडवर हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मी म्हटलं, "अरे, आता लक्ष्मीपूजनाला वायपर मांडणार का?" तोही हसला. "दव पडतंय की पहाटं," म्हणाला, आणि टॉवेल घेऊन परत काच पुसायला लागला.

पौषात निकिताला सातवा महिना सरत आला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तिला आणायला बापानं जायचं. मी म्हटलं, मीही येतो, तेवढाच फेरफटका. त्यानं ऐकलं नाही. "गावच्या समद्या लेकी आणल्या म्या. आता माझी आणायचीय. तू कशाला मधी?" धुरपदाबाई घरी झाडलोट-सारवण करत राहिली आणि हा एकटाच गेला. जाताना त्याच्या अंगात नवा सदरा होता.

त्या दिवशी काय झालं ते निकितानं मला नंतर सांगितलं. आळंदहून निघाले तेव्हा टळटळीत दुपार होती. ती पुढंच बसली होती, बापाशेजारी. थोडं पुढं आल्यावर शंकरप्पानं वायपर सुरू केला. कोरड्या काचेवर रबर करकर वाजायला लागलं. तिला वाटलं चुकून हात लागला असेल. पण तो बंद करेना. नुसता पुढं वाकून, स्टिअरिंगला छाती लावून रस्ता शोधत होता. समोरून उसानं भरलेला ट्रॅक्टर आला, अगदी जवळ आला, तेव्हा कुठं त्यानं दचकून गाडी रस्त्याखाली घेऊन थांबवली.

ती म्हणाली, "अप्पा, पाऊस कुठंय? वायपर कशाला लावलाय?"

"काच मळलीय गं. बगीनास, कशा रेघा हायत."

तो उतरला, बाहेरून काच पुसली. निकितानं आतून बोट फिरवून बघितलं. पुढचं तुरीचं रान दिसत होतं, त्यात शेंगा खुडणाऱ्या बाया दिसत होत्या, एकीच्या लुगड्याचा काठसुद्धा दिसत होता. ती खाली उतरून त्याच्याजवळ गेली. म्हणाली, "अप्पा, काच सोच्छ हाय. कायबी न्हाय काचेवर."

त्यानं टॉवेल काचेवरून आणखी एकदा फिरवला. मग म्हणाला, "मग मळलंय कुठं?"

हे सांगताना निकिता माझ्या दुकानात पोत्यावर बसून ढसाढसा रडली.

त्या दुपारी तिनं फोन केला तसा मी दुकान उघडं टाकून मिळेल त्या जीपनं गेलो. शंकरप्पा बांधावर बसला होता. मला बघून नाही, माझ्या आवाजावर वळला. त्यानं किल्ली पुढं केली. इतक्या वर्षांत त्यानं मला त्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता, कितीदा मागितली असेल मी. त्या दिवशी आयती मिळाली आणि ती मला नको होती.

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं ते सरळ होतं. साखर. कितीतरी वर्षांची, कधी न बघितलेली. म्हणजे एकदा बघितली होती. गोळ्याही दिल्या होत्या कुणीतरी. त्या संपल्या तसा शंकरप्पाच्या हिशेबानं रोगही संपला. साखरेनं डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. उजव्या डोळ्यात जवळजवळ काही उरलं नव्हतं. डाव्यात थोडं होतं. त्यांनी लेसर केलं, इंजेक्शनं दिली, आणि स्वच्छ सांगितलं की गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकतंय का तेवढंच बघायचं. मी विचारलं, पावसाळ्यातच आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, तर बरंच वाचलं असतं.

मला त्याचा राग आला. अजून येतो. सबंध पावसाळा हा माणूस उमरग्याच्या दुकानात रबरं दाबत बसला. सोलापूरला जाणारी एसटी रोज त्याच्या नाकासमोरून जात होती. पण दोष काचेचा असणार, रबराचा असणार, समोरच्याच्या दिव्याचा असणार, असंच त्याला वाटत राहिलं, कारण डोळ्यांनी त्याला जन्मात दगा दिला नव्हता. आमच्यापैकी कुणाला तरी वेगळं सुचलं होतं का?

डॉक्टरांना त्यानं एकच प्रश्न विचारला. बोटं एकमेकांत अडकवून, अगदी हळू आवाजात. "सायेब, दोन महिनं पुरंल का?"

डॉक्टरांना कळलं नाही. मी सांगितलं, मुलीचं बाळंतपण आहे. नातवंडाचं तोंड बघायचंय त्याला. डॉक्टर म्हणाले, साखर सांभाळा, जड उचलू नका, बघू.

ते दोन महिने शंकरप्पा जसा वागला तसं मी कुणाला वागताना बघितलं नाही. चहा सोडला. गूळ सोडला. संक्रांतीला तिळाचा कणसुद्धा तोंडात घातला नाही. पाण्याची कळशी उचलेना, खाली वाकेना, मोठ्यानं खोकायलाही भ्यायचा. दिवसभर पडवीत डोळे मिटून बसायचा. मी विचारलं, झोपलास का, तर म्हणाला, "न्हाय. वापरत न्हाय." डोळा साठवून ठेवत होता बिचारा, दुष्काळात रांजणातलं पाणी पुरवून वापरावं तसा.

होळी झाली आणि एका सकाळी उठला तर डाव्या डोळ्यापुढं काळं सुटलेलं. आत रक्त उतरलं होतं. परत सोलापूर, परत इंजेक्शन. त्यानंतर त्याला उजेड-अंधार कळायचा, माणूस आलं-गेलं कळायचं, एवढंच. धुरपदाबाईनं देवापुढं डोकं आपटून घेतलं. साखर मात्र शंकरप्पानं त्यानंतरही खाल्ली नाही, आणि ते मला जास्त लागलं.

पाडव्याच्या पुढं-मागं निकिता उमरग्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. बाळ-बाळंतीण सुखरूप. घरी आणायच्या दिवशी ओम्नी मी चालवली. शंकरप्पा माझ्या डाव्या हाताला बसला, जिथं आजवर गिऱ्हाईक बसायचं. धुरपदाबाई आणि निकिता बाळाला घेऊन मागं. दवाखान्याच्या फाटकाबाहेर मी गाडी सुरू करणार एवढ्यात निकितानं मागून बाळ पुढं केलं. "अप्पा, घ्या. तुमची नात."

त्यानं मांडी जुळवून तिला घेतलं. बाहेर ऊन रखरखत होतं, काचेतून सगळं त्या पोरीच्या तोंडावर पडत होतं. ती डोळे किलकिले करून जागीच होती. शंकरप्पा वाकला. आणखी वाकला. त्याचं नाक तिच्या कपाळाला टेकलं. मान डावीकडं केली, उजवीकडं केली. मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल ओढला, त्याचं मऊ टोक बोटाला गुंडाळलं आणि तिचं तोंड पुसायला लागला. कपाळ पुसलं, गाल पुसले, हनुवटी पुसली, आणि परत वाकून बघितलं.

"हिच्या तोंडाला कायतरी लागलंय," तो म्हणाला.

निकिता म्हणाली, "न्हाय अप्पा. कायबी न्हाय लागलं."

त्यानं परत पुसलं. पोर रडायला लागली. धुरपदाबाईनं मागून हात घालून टॉवेल त्याच्या बोटातून सोडवून घेतला. "आवं, पुरं. सोच्छ हाय ती."

"व्हय," तो म्हणाला. "ठावं हाय मला." आणि नुसत्या बोटानं पुसत राहिला.