तिच्या मापाचं मिठाचं पाणी

आमी नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माझ्या चोंदलेल्या नाकासाठी मिठाचं पाणी. कारखाना चालू झाला की उसाच्या गाड्यांच्या धुरळ्यानं माझं नाक दरसाल बंद पडायचं. मी चूल पेटवली, तिनं पाणी उकळलं, कोमट होऊ दिलं, मीठ टाकून थेंबभर जिभेवर घेतलं. “डोळ्यातल्या पाण्याएवढंच खारट पायजे, जास्ती झालं तर झोंबतंय.” शहरातून आलेला पुतण्या फिदीफिदी हसला, “काकू, मेडिकलात फवारा मिळतो की!” ती म्हणाली, “तो मारून बी तुझंच नाक गळतंय, आधी ते पूस.” त्याच दुपारी ती बसल्या जागी गेली. लगेच पाहुण्यांचं टोळकं जमलं. ती जिती असताना कधी न फिरकलेले गळा काढून रडले, अन् चहा का न्हाई म्हणून कुजबुजले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली, तर तोच पुतण्या शिकवायला आला, “काका, सुतकात चूल पेटवत न्हाईत.” म्हणलं, “तू फवारा मार अन् गप बस बे.” पाणी कोमट झालं. आधी डोळ्याखाली फिरवलेलं बोट चाखलं, मग पाणी, अन् चव जुळेस्तोवर चिमूट चिमूट मीठ टाकत गेलो.