चिठ्ठीवरचं आठवं घर

बाबा माझ्या दुकानात येऊन काउंटरपाशी उभे राहिले तेव्हा मी हातातली फ्रेम खाली ठेवली. आईला काहीतरी झालं असणार, असंच वाटलं. चष्म्याच्या दुकानात मी सोळा वर्षं नोकरी करते आहे आणि तेवढ्या काळात बाबांनी एकदाही तिथे पाऊल टाकलं नव्हतं. दुकानावरून रोज सायकलने जायचे, घंटी वाजवायचे आणि पुढे निघायचे.

"काही झालेलं नाही," ते म्हणाले. "चष्मा पाहिजे. जवळचा. वाचायचा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले, कारण बाबा आणि वाचन यांचा पहिल्यापासून छत्तीसचा आकडा. गंमत अशी की त्यांचा सगळा जन्म मासिकं वाहण्यात गेला. वाचनाचा विषय निघाला की ते म्हणायचे, "औषधवाला काय रोज औषध खातो?" आणि आपल्याच विनोदावर खूश व्हायचे. मी मात्र हा विनोद लहानपणापासून ऐकून कंटाळले होते.

"आईला सांगू नकोस," ते पुढे म्हणाले. तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

बाबांचा धंदा सांगायला सोपा आहे. एक अंक, आठ घरं. मासिक आलं की ते मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी डिंकाने चिकटवत. चिठ्ठीवर आठ चौकोन, प्रत्येक घराला एक. अंक चार दिवस ठेवायचा, वाचून झाला की आपल्या चौकोनात सही करायची, मग बाबा तो उचलून पुढच्या घरी नेणार. पहिल्या घरी कोरा करकरीत अंक जायचा, म्हणून त्यांना वर्गणी सगळ्यात जास्त. मग ती उतरत जायची. सातव्या घरी अंक महिनाभराने पोहोचायचा, पण जवळजवळ फुकटात. शिळा म्हणून कुणी नाक मुरडत नसे. सातवं घर एका गॅरेजवाल्याचं होतं. तो म्हणायचा, "गोष्ट काय भाजी आहे, सुकायला?" पुस्तकं विकत घेणं ज्यांना परवडत नव्हतं अशा कितीतरी लोकांनी बाबांच्या जोरावर वर्षानुवर्षं डझनभर मासिकं वाचली.

आणि आठवं घर आमचं. आठवा चौकोन आईचा.

आई घरी बसून शिंप्यांसाठी काजं-बटणं करायची. दुपारी मशीन बंद केलं की हात धुऊन, पुसून, खिडकीशी बसून अंक उघडायची. त्या वेळी तिला हाक मारायची आमची कुणाची टाप नव्हती. पण ती नुसतं मासिक वाचत नसे. बाबांच्या धंद्यात एक नियम होता: पेनने लिहायचं नाही, पान फाडायचं नाही, पेन्सिलला माफी. त्यामुळे अंक आमच्यापर्यंत यायचा तो सात घरांच्या खुणा अंगावर घेऊन. पहिल्या घरच्या डॉक्टरीणबाई आवडलेल्या वाक्याखाली अगदी बारीक रेघ मारायच्या. दुसऱ्या घरी दोन बहिणी राहायच्या, दोघी बँकेत. थोरली निळ्या पेन्सिलने आणि धाकटी लाल पेन्सिलने समासात भांडायची. एका हेडमास्तरांना प्रत्येक लेखाला दहापैकी गुण देण्याची खोड होती. गॅरेजवाला पुढच्या भागात काय होणार ते लिहून ठेवायचा, आणि त्याच्या पानावर काळा अंगठा हमखास.

आई या माणसांना कधी भेटली नव्हती, पण ओळखायची सगळ्यांना. "डॉक्टरीणबाई या महिन्यात उदास दिसतात," ती जेवताना म्हणायची. "सगळ्या रेघा रडक्या ठिकाणी आहेत." गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून तर ती तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलीच नाही. तिचं बाहेरचं जग म्हणजे ते समास.

गेल्या वर्षी मी तिला टॅब घेऊन दिला. एका अंकाच्या किमतीत महिनाभर पन्नास मासिकं वाचायची सोय त्यात आहे. आई काही जुन्याला कवटाळून बसणारी बाई नाही. दोन दिवसांत ती अक्षर मोठं करायला शिकली आणि दुसऱ्या आठवड्यात तिने मलाच एक लेख पाठवला. स्वस्त आहे, छान आहे, रात्री दिवा लावावा लागत नाही, असं तिने सगळं कबूल केलं. नंतर म्हणाली, "फक्त यात माझ्याआधी कुणी येऊन गेल्याचं कळत नाही गं. रिकाम्या बसमध्ये बसल्यासारखं वाटतं."

मला तेव्हा राग आला होता. पगारातून घेतलेल्या वस्तूबद्दल असं ऐकलं की येतोच.

बाबांचा चष्मा तीन दिवसांनी तयार झाला. दोनचा नंबर निघाला. जेवणाच्या सुट्टीत मी तो घेऊन त्यांना शोधायला निघाले, कारण त्या वेळी ते हेडमास्तरांच्या गल्लीत असतात हे मला पाठ होतं. गल्लीत नव्हते. बहिणींच्या घराला कुलूप होतं आणि दारावर भाड्याने देण्याची पाटी. शेवटी बागेमागच्या बाकावर सापडले. सायकल झाडाला टेकवलेली, मांडीवर अंक उघडा आणि बाजूला रुमालावर मांडलेल्या चार पेन्सिली: एक टोकदार, एक बोथट, एक निळी, एक लाल. शेजारी तेलाची छोटी बाटली.

मी मागून बघितलं. बाबा हात लांब धरून, डोळे बारीक करून एका ओळीखाली टोकदार पेन्सिलने रेघ मारत होते. अगदी बारीक, डॉक्टरीणबाईंची.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

ते दचकले नाहीत. पेन्सिल खाली ठेवली, चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि अंकाकडे बघून म्हणाले, "अरे वा. हे असं दिसतं होय."

मग सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वीच सोडलं, त्या फोनवर वाचतात. बहिणी भाच्याकडे राहायला गेल्या. हेडमास्तरांची नजर गेली, ते आता फिरता फिरता कानात गोष्टी ऐकतात आणि मजेत आहेत. गॅरेजवाल्याचा मुलगा गॅरेज बघतो, तो स्वतः गावाबाहेर असतो. उरली होती दोन सलून आणि एक दातांचा दवाखाना. तिथेही माणसं नंबर येईपर्यंत फोनच बघत बसतात. अंक जसा जातो तसाच परत येतो.

"कुणाची चूक नाही," बाबा म्हणाले. "लोक वाचतात. वेगळं वाचतात, एवढंच."

"मग आईला सांगा तसं."

"सांगायचं ठरवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सोडलं त्या महिन्यात अंक घरी नेला, तर तिने पहिलं पान उघडलं आणि विचारलं, बाईंची तब्येत बरी नाही का, एकही रेघ नाही. मला खरं सांगता आलं नाही. पुढच्या महिन्यात एक रेघ मी मारली."

"ही फसवणूक आहे, बाबा."

"आहे," ते म्हणाले. "तिला खाली उतरता येत नाही. तिची सात माणसं मी कशी काय काढून घेऊ?"

 मी सुट्टी संपल्याचं निमित्त करून निघाले.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. कारण खोटं बोलण्यात बाबा अगदीच कच्चे. वाचनाचा गंध नाही, त्यामुळे दोन वर्षं त्यांनी आंधळ्यासारख्या रेघा मारल्या होत्या. आई मधूनच म्हणायची, "धाकट्या बहिणीचं काय बिनसलंय? मलमाच्या जाहिरातीखाली लाल रेघ मारलीय." किंवा, "हेडमास्तरांनी अनुक्रमणिकेला दहापैकी आठ दिलेत." आता कारण कळल्यावर ते सगळं आठवून मी रात्री अंथरुणात उठून बसायचे. 

चष्मा आल्यावर मात्र चित्र बदललं. दिसायला लागल्यावर माणूस वाचतो, त्याला इलाज नसतो. बाबा एका क्रमशः कादंबरीत अडकले. एक घड्याळं दुरुस्त करणारी बाई, तिचा धाकटा भाऊ घर सोडून गेलेला, आणि ती त्याचं घड्याळ रोज किल्ली देऊन चालू ठेवते. एवढीच गोष्ट, पण बाबा बाकावर बसून ती दोनदोनदा वाचू लागले. रेघा योग्य जागी पडू लागल्या. बहिणींची भांडणं जोरदार झाली. आणि गॅरेजवाला तर सुटलाच.

एका रात्री जेवताना आई म्हणाली, "गॅरेजवाल्याने लिहिलंय, भाऊ परत येणार नाही. बाईने घड्याळ विकून टाकावं. काय हा माणूस."

"बरोबर लिहिलंय त्याने," बाबा म्हणाले.

"काय बरोबर? तिने आशा सोडायची?"

"आशा नाही गं. घड्याळ. त्या घड्याळापायी ती स्वतः कुठे जात नाही, कुणाकडे जेवत नाही. किल्ली द्यायला घरी पाहिजे ना संध्याकाळी. अशाने बाई संपेल."

"तुम्ही कधी वाचलंत?"

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. बाबांनी घास गिळला. "मी कशाला वाचू. तो गॅरेजवाला सांगत होता, दारात उभं राहून. फार डोकं खातो."

"मग त्याला सांगा," आई म्हणाली, "माझं म्हणणं आहे की भाऊ परत येईल."

"सांगतो," बाबा म्हणाले. त्या रात्री ते बराच वेळ कूस बदलत होते, असं आईनेच मला नंतर सांगितलं.

दोन महिने हे चाललं. घरात तिघं जेवायला आणि चौथा गॅरेजवाला. आई आणि बाबा इतकं बोललेले मी कधी पाहिले नव्हते. तरी माझा जीव टांगणीलाच होता, कारण हे कळल्यावर आईचं काय होईल ते मला समोर दिसत होतं. सात माणसं एका दिवसात जाणार, आणि वर नवऱ्याने फसवलं ते वेगळं. एका दुपारी मला राहवेना. रजा टाकून मी घरी गेले. ठरवलं होतं, आपणच हळू सांगावं.

आई खिडकीशी अंक घेऊन बसली होती. मी तोंड उघडायच्या आत तिने अंक माझ्या नाकासमोर धरला. "वास घे."

पानावर गॅरेजवाल्याचा अंगठा होता. मी वास घेतला.

"काय आहे?"

"तेल."

"कसलं तेल?" तिने मशीनकडे बोट केलं. मशीनच्या खणातली तेलाची बाटली जागेवर नव्हती. "गॅरेजचं तेल काळं असतं, त्याला जळका वास येतो. वीस वर्षं तो अंगठा मी बघतेय. हे माझ्या मशीनचं तेल आहे, पेन्सिलीची पूड घालून काळं केलेलं. दर महिन्याला बाटली उतरते, मला कळत नाही होय?"

 मी तिच्याजवळ खाली बसले. "कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या रेघेपासून. डॉक्टरीणबाईंची रेघ कधी कागदात रुतली नाही. तुझे बाबा पेन्सिल धरतात ती खिळा ठोकल्यासारखी."

"मग बोलली का नाहीस?"

आईने अंक मांडीवर ठेवला आणि हाताने सपाट केला. "रडले मी एक दिवस. माणसं गेली म्हणून. बोलणारच होते, पण मग एका अंकात ती मलमाची जाहिरात आली. इतकी हसले. म्हटलं, चालू दे. आणि आता बघ, चाळीस वर्षं मी या माणसाला म्हणत होते, एखादं पान तरी वाचा, आपल्याला बोलायला काहीतरी होईल. आता कुठे वाचायला लागलाय. मी कळल्याचं सांगितलं तर लाजेल आणि थांबेल. तू मध्ये तोंड घालू नकोस."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून थोडं रडले. इतक्या मोठ्या वयात ते शोभत नाही, पण तिथे बघायला कोण होतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी नवा अंक आला. त्यात कादंबरीचा शेवटचा भाग होता. बाबांनी आईकडे पाठ करून चष्मा चढवला आणि जेवणाच्या टेबलावर चिठ्ठी आखली, आठ चौकोन, आणि पहिल्यात डॉक्टरीणबाई असं लिहिलं. आई खिडकीशी बटणं निवडत होती.

"अहो," ती म्हणाली, "या वेळी सातव्या चौकोनात माझं नाव घाला."

बाबांचा हात थांबला. "सातवा गॅरेजवाल्याचा आहे."

"त्याला आठवा द्या. त्याला माझ्यानंतर वाचू दे."

"का?"

"चाळीस वर्षं मी शेवटी वाचते. सगळ्यांच्या खुणा मी बघते. माझ्याही असतात. पण माझ्यानंतर कुणी नसतं, अंक सरळ रद्दीत जातो." तिने एक बटण उजेडात धरून बघितलं. "एकदा कुणीतरी माझ्या बघाव्यात, असं वाटतं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी डिंकाच्या बाटलीचं झाकण लावत बसले. चाळीस वर्षांची रद्दी बाबांनी स्वतः बांधून स्वतः वजनावर विकली होती. त्यातल्या एकाही अंकात त्यांनी आईची पेन्सिल शोधली नव्हती. ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं आणि मला बघवत नव्हतं.

"गॅरेजवाला हल्ली फार हळू वाचतो," ते अखेर म्हणाले. 

"वाचू दे. मला कुठे जायचंय."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. सातव्या चौकोनात आईचं नाव लिहिलं. आठव्यावर पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. मग त्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं.

आईने तिथूनच मान उंचावून बघितलं आणि पुन्हा बटणांकडे वळली.

"आणि माझी तेलाची बाटली तेवढी जागेवर ठेवा," ती म्हणाली.