मी टीमचं कौतुक करतो तेव्हा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण यात माझी बाजू घ्यायला तुम्हाला जागाच मिळणार नाही. चार दिवसांत मी माझी अख्खी टीम नोकरी सोडायच्या बेताला आणून ठेवली. कशी म्हणता? कौतुक करून!

मी सदाशिव पेठेत वाढलेला माणूस. आईने पुरणपोळी केली की आमचे बाबा दोन खाऊन तिसरी मागायचे आणि म्हणायचे, “बरी झालीये.” हा आमच्या घरातला सर्वोच्च पुरस्कार! तीच शिस्त मी ऑफिसात नेली. मी टीम लीड, हाताखाली सहा जण. कुणी जीव तोडून काम केलं की मी म्हणायचो, “चालेल.” मंडळी खूश असायची.

मग कंपनीने मला माणसं सांभाळायच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथल्या बाई म्हणाल्या, “रोज प्रत्येकाचं तोंडभरून कौतुक करा, टीम कशी फुलते बघा!” मला कुणी काही शिकवलं की दुसऱ्याच दिवशी करून बघायची माझी जुनी खोड आहे.

सोमवारी सकाळीच शुभांगीताईंच्या टेबलाशी गेलो. ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, आमच्या टेस्टर. आम्ही केलेल्या कामातल्या चुका शोधणं हे त्यांचं काम, आणि ते त्या फार आवडीने करतात. शुक्रवारी क्लायंटला सगळं द्यायचं होतं, तेही त्यांच्याच जिवावर.

“ताई, तुम्ही आहात म्हणून आपला प्रोजेक्ट उभा आहे!”

त्यांनी चष्मा काढला. “अहो मंदार, बरं वाटत नाहीये का?”

मी थांबलो का? छे! नागपूरच्या धोत्रेकडे वळलो. “धोत्रे, तुझ्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही!” त्याचा चहाचा कप तोंडाशी तसाच राहिला.

मंगळवारी सगळ्यांना उभं करून एकेकाचे गुण सांगितले. टाळ्या मीच वाजवल्या. बुधवारी पॅटिस मागवले. आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात पॅटिस उरलेले पाहिले!

गुरुवारी तिघं रजेवर. पोट बिघडलं म्हणे. अहो, पण पॅटिस खाल्ले कुणी होते? आणि दुपारी शुभांगीताईंनी माझ्या टेबलावर राजीनामा ठेवला. उद्या शुक्रवार!

“ताई, पण का?”

“तुम्ही काढण्याआधी आपणच गेलेलं बरं.”

“कोण काढतंय तुम्हाला?”

मागून धोत्रे म्हणाला, “सर, आता लपवून नका राहू ना. तीन वर्षांत कोणाले चांगलं म्हटलं नाही तुम्ही, अन् आता रोज निरोपाचं भाषण करून राहिले! ते तिघं इंटरव्ह्यूले गेले न!”

मी गळ्याची शपथ घेतली, प्रशिक्षणाची वही दाखवली. कुणाचा विश्वास बसेना. शेवटी वैतागून राजीनामा हातात घेतला आणि वाचता वाचता माझं डोकंच फिरलं.

“ताई, काय आहे हे? तारीख चुकलीये, माझं आडनाव चुकलंय. तीन ओळींत दोन चुका! टेस्टर ना तुम्ही? असलं काम मला अजिबात चालणार नाही!”

मग ताईंचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! “म्हणजे नोकरी शाबूत आहे ना?” आणि त्यांनी राजीनामा टराटरा फाडला.

धोत्रेने लगेच तिघांना फोन लावला. “या बे परत, सर ओरडून राहिले!” तासाभरात तिघांची पोटं ठणठणीत. शुक्रवारी काम वेळेत गेलं.

सोमवारी मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. “मंदार, कमाल केलीस! तुझ्यासारखा लीड शोधून सापडणार नाही!”

चार वर्षांत साहेब इतकं गोड कधी बोलले नव्हते. जागेवर येऊन गुपचूप माझा बायोडेटा उघडला आणि दोन ओळी वाढवायला घेतल्या.

मागून शुभांगीताईंचा आवाज आला. “तिसऱ्या ओळीत ‘माणसं सांभाळण्यात हातखंडा’ असं लिहिलंय. चूक म्हणून नोंदवू?”

मी म्हटलं, “चालेल.”